ऑर्गनवाला ते स्किप इंट्रो : टीव्ही ड्रामातल्या म्युझिकची पार्श्वभूमी

टीव्ही ड्रामाचं पहिलं वाद्य म्हणजे ऑर्गन, आणि त्यामागे कलाबिला काही नव्हती, एका माणसात काम भागायचं एवढंच. १९३० च्या दशकात अमेरिकन रेडिओवर दुपारच्या ज्या मालिका चालायच्या (साबणवाल्या कंपन्या पैसे घालायच्या म्हणून त्यांना सोप ऑपेरा नाव पडलं) त्यांना ऑर्केस्ट्रा कुठून परवडणार, मग स्टुडिओच्या कोपऱ्यात एक ऑर्गनवाला बसवायचे. १९३५ ला हॅमंडचा इलेक्ट्रिक ऑर्गन बाजारात आला आणि काम अजूनच सोपं झालं. आता पियानोचा सूर वाजवला की विरत जातो, पण ऑर्गनवर बोट दाबून ठेवलं की सूर चालूच, त्यामुळे लाइव्ह कार्यक्रमात कुणी ओळ विसरलं किंवा एंट्रीला उशीर झाला तरी तोच सूर ताणून वेळ मारून नेता यायची, आणि ऐकणाऱ्याला वाटणार बापरे आता काहीतरी भयंकर होणार!

१९५२ ला 'गाइडिंग लाइट' ही रेडिओवरची मालिका टीव्हीवर आली, तशा इतरही आल्या, आणि ऑर्गन सामानासकट सोबत आला. अमेरिकेतल्या दुपारच्या सोप्समध्ये तो पार सत्तरच्या दशकापर्यंत टिकला. डेली सोपमध्ये वाईट बातमी आली की जे 'धडाम' वाजतं, आणि मग कॅमेरा एकेकाच्या चेहऱ्यावर जातो, त्याचं मूळ हे असं आहे. आपण त्याला हसतो पण खरं म्हणजे ती सोय होती, कारण रेडिओवर चेहरा दिसत नाही, तर धक्का बसलाय हे सांगणार कसं? टीव्हीवर चेहरा दिसायला लागला तरी सवय काही गेली नाही.

फिल्मवर शूट होणाऱ्या मालिकांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे दर आठवड्याला नवीन म्युझिक करून घ्यायचं म्हणजे संगीतकार, वादक, स्टुडिओ सगळ्यांचे पैसे आले, म्हणून आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या तुकड्यांची लायब्ररी वापरायचे. पाठलाग, शोक, संशय, प्रेम अशी लेबलं लावलेले तुकडे, सीन बघायचा आणि कपाटातून काढायचा. ही आयडियापण टीव्हीची नाहीच, मूकपटांच्या काळात थिएटरातल्या पियानोवाल्याला कुठल्या प्रसंगाला काय वाजवायचं त्याच्या याद्या मिळायच्या, तिथूनच आलेली. यातून बरंच रटाळ काम झालं हे खरं, पण 'ट्वायलाइट झोन' या गूढ गोष्टींच्या मालिकेचं बघा. १९५९ ला पहिल्या सीझनला बर्नार्ड हर्मनसारख्या मोठ्या सिनेसंगीतकाराने थीम केली होती आणि ती चांगलीच होती, पण दुसऱ्या सीझनपासून जी चार सुरांची गिटार वाजते आणि आज कुणी नुसती तोंडाने वाजवली तरी 'काहीतरी विचित्र चाललंय' असा अर्थ होतो, ती मारियस कॉन्स्टंट नावाच्या संगीतकाराच्या लायब्ररीतल्या दोन वेगवेगळ्या छोट्या तुकड्यांना जोडून केलेली आहे. मालिकेसाठी एकत्र बसून रचलेली नाहीच ती!

१९५८ ला 'पीटर गन' या डिटेक्टिव्ह मालिकेत हेन्री मॅन्सिनीने जॅझ आणला आणि गुन्ह्याच्या गोष्टीला एकदम स्टाइल आली, त्याआधी गुन्हा म्हणजे जड, गंभीर वाजंत्री. त्या म्युझिकच्या अल्बमला १९५९ च्या पहिल्याच ग्रॅमी पुरस्कारांत अल्बम ऑफ द इयर मिळालं, म्हणजे टीव्हीचं म्युझिक लोक वेगळं विकत घेऊन ऐकतात हे कंपन्यांना कळलं.

पण मला विचाराल तर त्या काळातलं सगळ्यात भारी काम १९६३ चं, बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या सायन्स फिक्शन मालिकेच्या थीमचं. चाल रॉन ग्रेनरची, पण ती वाजवायला वादक घेतलेच नाहीत. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये (नवनवे आवाज बनवणारा विभाग) डेलिया डर्बिशायर हिने एका तारेचा आवाज, ऑसिलेटरचे (विजेवर सूर काढणारं यंत्र) आवाज असं काहीबाही टेपवर घेतलं, मग टेपचा वेग कमी-जास्त करून प्रत्येक सूर वेगळा बनवला आणि ब्लेडने कापून कापून टेपचे तुकडे चिकटवले. सिंथेसायझर, म्हणजे विजेवर हवे ते आवाज बनवणारं वाद्य, दुकानात मिळायच्या आधीची गोष्ट आहे ही. ते ऐकताना कुठलं वाद्य आहे हे कळतच नाही आणि त्याचीच भीती वाटते, कारण ओळखीचं वाद्य म्हणजे कोणीतरी माणूस बसून वाजवतोय एवढा तरी धीर असतो. पडद्यावर तिचं नाव मात्र पन्नासाव्या वर्षाच्या स्पेशलमध्ये, २०१३ ला आलं. तोपर्यंत ती गेलेली होती.

मग १९८४ ला 'मायामी व्हाइस', दोन पोलिसांची मालिका. म्युझिक व्हिडिओंचा जमाना सुरू झालेला, त्यामुळे यांनी एकीकडे यान हॅमरचं सिंथेसायझर म्युझिक घेतलं आणि दुसरीकडे रेडिओवर वाजणारी मूळ गाणी सरळ सीनवर टाकली. पहिल्याच एपिसोडमध्ये रात्री गाडी चाललीये, दोघं जवळपास गप्प, आणि फिल कॉलिन्सचं 'इन द एअर टुनाइट' चालू. आधीच्या मालिकेत इथे संवाद असता, 'मला भीती वाटतेय' वगैरे. गाण्याने ते काम केलं आणि इथून पुढे लेखकांनी संवाद गाळायला सुरुवात केली असं माझं मत आहे. याचा तोटापण झालाच, कित्येक मालिकांत शेवटची तीन मिनिटं हळवं गाणं लावून सगळी पात्रं खिडकीबाहेर बघताना दाखवायची साथ आली.

'ट्विन पीक्स' (१९९०) वाल्यांनी उलटा रस्ता घेतला. डायरेक्टर डेव्हिड लिंच शेजारी बसून अंधारं जंगल, एकटी मुलगी असं बोलत गेला आणि संगीतकार अँजेलो बादलामेंटी कीबोर्डवर वाजवत गेला, त्यातून लॉरा पामरची (मालिकेत जिचा खून होतो ती मुलगी) थीम आली. म्हणजे शूटिंगच्या आधी म्युझिक. एरवी होतं काय, एडिटर एडिट करताना दुसऱ्याच कशाचं तरी म्युझिक तात्पुरतं लावून ठेवतो, डायरेक्टर ते पन्नास वेळा ऐकून त्याच्या प्रेमात पडतो, आणि मग संगीतकाराला सांगतात की असंच कर पण हेच नको! इतक्या मालिका सारख्याच का वाटतात त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

आणि मग काहीच न वाजवण्याची हिंमत. 'द सोप्रानोज'ने (१९९९ पासून) खास रचलेलं पार्श्वसंगीत ठेवलंच नाही, नुसती निवडलेली गाणी. 'द वायर'मध्ये म्युझिक बहुतेक सीनमधल्याच रेडिओतून किंवा गाडीतून येतं. २००१ ला 'बफी' या व्हॅम्पायरवाल्या मालिकेचा एक एपिसोड आला ज्यात नायिकेला आई मेलेली सापडते, त्यात पार्श्वसंगीत शून्य, आणि बघताना हात कुठे ठेवावे कळत नाही कारण कधी रडायचं हे सांगायला कोणी नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये हाच डाव वाद्याच्या बाबतीत खेळले, सहाव्या सीझनच्या शेवटापर्यंत पियानो जवळजवळ लांबच ठेवला, आणि २०१६ ला तो अचानक वाजला तेव्हाच लोक सावरून बसले, काय होणार हे माहीत नसताना. 'चेर्नोबिल'साठी (२०१९) तर संगीतकार हिल्डुर गुडनाडोट्टिर लिथुआनियातल्या बंद पडलेल्या अणुवीज प्रकल्पात गेली, तिथले आवाज रेकॉर्ड केले आणि त्यातूनच म्युझिक केलं. परत डर्बिशायरच!

स्ट्रीमिंग आल्यावर टायटल म्युझिकची गरजच बदलली. आधी ते दुसऱ्या खोलीतल्या माणसाला 'चला, सुरू झालं' म्हणून हाक मारायचं, आता २०१७ पासून नेटफ्लिक्सवर स्किप इंट्रोचं, म्हणजे टायटल म्युझिक गाळायचं, बटण आहे. गाणी निवडणाऱ्या म्युझिक सुपरवायझरला त्याच वर्षी पहिल्यांदा एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळायला लागला. आणि २०२२ ला 'स्ट्रेंजर थिंग्ज'मुळे केट बुशचं १९८५ चं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं ते सगळ्यांना माहीतच आहे.

कमी माहीत असते ती हक्कांची भानगड. गाणं वापरायला दोन परवानग्या लागतात, एक चाल आणि शब्दांची, दुसरी त्या ठराविक रेकॉर्डिंगची, आणि जुने करार फक्त टीव्हीवर दाखवण्यापुरते असायचे, डीव्हीडी येईल असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. 'द वंडर इयर्स' १९९३ ला संपली पण गाण्यांच्या परवानग्यांमुळे पूर्ण डीव्हीडी २०१४ ला आली. 'नॉर्दर्न एक्स्पोजर'च्या डीव्हीडीत बरीच गाणी काढून दुसरंच म्युझिक टाकलं. 'डॉसन्स क्रीक'चं तर टायटल साँगच कित्येक वर्षं बऱ्याच डीव्हीडींवर आणि स्ट्रीमिंगवर वेगळं वाजत होतं, लोक वैतागून विचारायचे हे कुठलं गाणं, शेवटी मूळ गायिका पॉला कोलने आधीचंच गाणं नव्याने रेकॉर्ड केलं आणि २०२१ ला ते नेटफ्लिक्सवर परत लागलं.