पंधरा महिने ते पाच वर्षं : अमेरिकेतल्या गोवराच्या साथीमागची गोष्ट

१९८९ ते १९९१ या तीन वर्षांत अमेरिकेत गोवराचे ५५ हजारांवर रुग्ण सापडले, १२० हून अधिक दगावले. लस येऊन तेव्हा पाव शतक उलटलं होतं. शिकागो, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क या शहरांच्या गरीब वस्त्यांत साथ जोरात पसरली आणि शाळेत न जाणाऱ्या कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलांना तिने सर्वाधिक गाठलं.

शाळेत न जाणारीच का? कारण १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सगळ्या राज्यांनी नियम केला होता: लसीचा दाखला नाही तर शाळेत प्रवेश नाही. त्यामुळे पाचव्या वर्षी जवळपास सगळ्यांचं लसीकरण झालेलं असे. गोवराची लस मात्र पंधराव्या महिन्यात द्यायची. मधली पावणेचार वर्षं विचारणारं कुणीच नाही. काही वस्त्यांत दोन वर्षांच्या मुलांपैकी जेमतेम निम्म्यांना ती मिळालेली होती.

याचं खापर बऱ्याचदा पालकांच्या अविश्वासावर फुटतं आणि पुरावा म्हणून अलाबामा राज्यातल्या टस्कीगीचं नाव पुढे येतं. तिथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना ठेवून नुसतं निरीक्षण केलं. अविश्वास खराच, आणि तो उगाच नव्हता. पण गोवराच्या साथीचा हिशोब तेवढ्याने लागत नाही. अनेक विमा योजना लसीचे पैसे देत नसत. मग खासगी डॉक्टर बाळाला तपासायचे आणि लसीसाठी सरकारी दवाखान्यात पाठवायचे. तिथे पुढची तारीख मिळायची, तीही आईच्या कामाच्या वेळेत. बाळाला साधी सर्दी असली तरी ‘बरं झाल्यावर आणा’. गोवर झालेल्या कितीतरी मुलांची नावं सरकारी पोषण आहार योजनेत होती. म्हणजे आई दूध-अंड्यांची कुपनं घ्यायला सरकारी खिडकीवर येतच होती; तिथे लसीचं कुणी विचारत नव्हतं.

हे नवंही नव्हतं. साल्क यांची पोलिओ लस १९५५ साली आली आणि पुढच्याच वर्षी शिकागोत पोलिओची मोठी साथ आली, तीही मुख्यतः कृष्णवर्णीय वस्त्यांत. ज्यांना परवडलं त्यांनी टोचून घेतलं होतं. याच लसीची परिणामकारकता तपासायला वापरलेल्या ‘हेला’ पेशी (प्रयोगशाळेत सतत वाढत राहणाऱ्या मानवी पेशी) हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या, तिला न विचारता घेतलेल्या, आणि त्या मोठ्या प्रमाणावर वाढवल्या गेल्या टस्कीगीतल्याच संस्थेत.

गोवराच्या साथीनंतर १९९३ मध्ये कायदा झाला. ऑक्टोबर १९९४ पासून विमा नसलेल्या आणि सरकारी वैद्यकीय मदतीवरच्या मुलांची लस केंद्र सरकार विकत घेऊन थेट खासगी डॉक्टरांकडेही पोचवू लागलं. आता चिठ्ठी देऊन दुसरीकडे धाडायचं कारण उरलं नाही. शिकागोत आणखी एक युक्ती झाली: मुलाच्या लसी वेळेवर असतील तर कुपनं तीन महिन्यांची एकदम, नसतील तर दर महिन्याला खेप. लसीकरण वाढलं. पण सक्ती पुन्हा त्याच आईवर, जिला दोन बस बदलून यावं लागे.