डीसीटीचे झटके आणि "ऑइल बदल" वाला सल्ला

डीसीटी (दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) गाडी स्लो ट्रॅफिकमध्ये झटके देते म्हटलं की मुंबईत कुणीही सांगतं, ऑइल बदल, जातील झटके. अहो पण क्लच ड्राय आहे की वेट ते तर आधी बघा! फोक्सवॅगनच्या ७ स्पीड डीक्यू२०० मध्ये क्लच कोरडे, ऑइल तिथे पोचतच नाही, मग ते बदलून क्लचची थरथर कशी जाणार? ६ स्पीड डीक्यू२५० मध्ये क्लच ऑइलमध्येच असतात, तिथे जुन्या ऑइलने फरक पडू शकतो.

डीसीटीत सहसा टॉर्क कन्व्हर्टर (साध्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) नसतो, त्यामुळे सायनला मुंगीच्या चालीने सरकताना क्लच अर्धवट लागलेला राहतो, घासतो, तापतो आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी थरथरते. झटके तापल्यावरच वाढत असतील तर संशय क्लचवर. न्यूट्रलमध्ये उभी असतानाही थरथरत असेल तर गिअरबॉक्सला कशाला शिव्या, आधी प्लग, कॉइल, इंजिन माउंट बघा (स्वस्तातलं काम आधी, गॅरेजवाले नेमके उलटं करतात). मग स्कॅनर लावून क्लचचं तापमान, अ‍ॅडाप्टेशनचे आकडे (क्लचच्या झिजेप्रमाणे गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतः जुळवलेलं सेटिंग) बघा. प्लेट झिजलेली असेल तर मात्र नुसतं ते सेटिंग रीसेट करून चार दिवस बरं वाटतं, परत तेच.