तरंगणारा तांदूळ प्लास्टिकचा असतो का?

"तांदूळ पाण्यात टाका, वर तरंगला तो प्लास्टिकचा" हा फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतोय. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या काकूंनी करून पाहिलं तर पाचसहा दाणे खरंच वर, मग भीती वाटणारच ना.

पण दाणा तरंगतो कारण तो हलका असतो. शेतात भात (इथे डांगर म्हणतात) झोडपलं की खळ्यावर भरलेले दाणे, काडीकचरा, पोचट दाणे सगळं एकत्रच पडतं, मग सुपातून वाऱ्यावर उफणतात, भरलेला दाणा सरळ खाली, पोचट लांब उडतो, आणि मगच वाळवण. तरी थोडे हलके दाणे सुटतातच. रेशनच्या तांदळात तर गेल्या काही वर्षांत 100 ला 1 या हिशोबाने फोर्टिफाइड दाणे मुद्दाम मिसळले गेलेत, तांदळाच्याच पिठाचे, लोह वगैरे घातलेले, तेही बरेचदा तरंगतात.

उलट पीव्हीसीसारखं प्लास्टिक पाण्यात चक्क बुडतं! म्हणजे ही टेस्टच कामाची नाही.

शंका असेल तर तरंगलेलेच दाणे वेगळे शिजवा, गार झाल्यावर जखमेवर लावायच्या आयोडीनचा एक थेंब टाका, निळंकाळं झालं की तो स्टार्च, म्हणजे तांदूळच, प्लास्टिक नाही. काकूंच्या वाटीत लगेच झालं. (तो भात मात्र टाकून द्या.)