मांजर फक्त घराला जीव लावतं?

कोल्हापूरच्या गंगावेशीत धारोष्ण दुधाचा पेला हातात घेऊन उभं राहिलं की म्हशींच्या आसपास घुटमळणारं एखादं मांजर दिसतंच. मग कुणीतरी म्हणतं, "कुत्रं माणसाला जीव लावतंय, मांजर घराला आणि दुधाला."

हे काही खरं नाही. २०१९ साली अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी मांजराच्या पिल्लांना त्यांच्या सांभाळणाऱ्या माणसासोबत अनोळखी खोलीत ठेवलं. माणूस दोन मिनिटं बाहेर गेला आणि परत आला. तो दिसताच शंभरातली सुमारे ६४ पिल्लं सावरली, त्याला भेटून पुन्हा खोली हुंगायला लागली. तान्ह्या मुलांमध्येही हे प्रमाण जवळपास एवढंच असतं. खोली परकी होती, म्हणजे धीर दिला तो माणसानंच.

मग शेजारचा बोका मांडीवर लोळतो आणि आपली मनी हात लावू देत नाही, असं का? बरंचसं दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ठरतं. त्या दिवसांत माणसांचा प्रेमळ हात लागलेलं पिल्लू पुढं सहसा माणसाळतं. माळ्यावर लपून वाढलेलं बिचकतं. बापाचा स्वभावही उतरतो, आणि तो बाप पिल्लांच्या वाऱ्यालाही उभा नसतो!

शिवाय माया दाखवायची तऱ्हा वेगळी. आमची मनी उचलून घेतलं की बोचकारते, पण मी रंकाळ्यावरून फिरून आलो की शेपूट ताठ उभी करून दारात येते, लांब बसून माझ्याकडं बघत सावकाश डोळे मिटते. मीही तसेच मिटतो. घरचे हसतात.