स्पिन की स्पायरल? आधी वेगाचा काटा बघा

गोव्यातल्या बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात एचटी-2 हे एका इंजिनाचं छोटं विमान उभं आहे. डॉ. वि. मा. घाटगे यांनी घडवलेलं, 1951 साली पहिल्यांदा उडालेलं. वैमानिक अशाच विमानांत घडतात आणि स्पिन व स्पायरल या गरगरत खाली येण्याच्या दोन प्रकारांची गल्लतही इथेच होते.

दोन्हींत नाक खाली आणि समोर गरगरणारी जमीन. फरक पंखांवरच्या हवेत आहे. स्पिनमध्ये दोन्ही पंख स्टॉल झालेले असतात, म्हणजे हवेची पकड सुटून त्यांची उचलण्याची ताकद घटलेली असते, एकाची दुसऱ्याहून जास्त. विमान भोवऱ्यासारखं फिरत कोसळतं, तरी वेगाचा काटा खालीच रेंगाळतो. स्पायरलमध्ये पंख शाबूत काम करतात. वळण आवळत जातं, काटा भराभर चढतो, अंग सीटमध्ये दाबलं जातं.

उपाय वेगळे, म्हणून ओळख महत्त्वाची. स्पिनमध्ये थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा खटका) बंद, एलेरॉन (विमान बाजूला झुकवणाऱ्या पंखांवरच्या झडपा) मध्यावर, फिरण्याच्या उलट पूर्ण रडर (शेपटावरचं सुकाणू), मग स्टिक (नाक खाली-वर करणारा दांडा) पुढे. फिरणं थांबलं की रडर मध्यावर आणि अलगद वर. स्पायरलमध्ये थ्रॉटल बंद, आधी पंख सपाट, मगच नाक वर. घाबरून आधीच स्टिक ओढली तर वळण अधिक आवळतं आणि पंखांवर झेपणार नाही इतका भार येऊ शकतो.

खरी मेख पुढे आहे. सेसना 172 सारखं शांत स्वभावाचं विमान स्पिनमधून आपसूक स्पायरलमध्ये सरकू शकतं. शिकणारा समजतो, अजून स्पिनच चालू आहे, आणि तोवर वेग लाल रेषेकडे, म्हणजे विमानाच्या कमाल वेगमर्यादेकडे, धावत असतो. म्हणून काट्यावरची नजर एकदाच नाही, सतत हवी.

गोव्यात धुरकट दिवशी समुद्र आणि आकाश एकच होतं, क्षितिज पुसलं जातं, पंख नकळत झुकतो. तिथे भीती स्पायरलची. स्पिनची भीती उतरतानाच्या शेवटच्या वळणावर, जिथे वेग कमी आणि रडर जास्त. सेसना 152 मध्ये एका फेरीच्या स्पिनला, बाहेर पडण्यासकट, निदान 1000 फूट धरावे लागतात. त्या वळणावर तेवढी उंची नसतेच. अमेरिकेने 1949 मध्ये खासगी परवान्यासाठी स्पिनची सक्ती काढली आणि स्टॉल वेळीच ओळखण्यावर भर दिला, तो याच विचाराने. तरी मला मनापासून वाटतं, प्रत्येक शिकाऊ वैमानिकाने भरपूर उंचीवर, स्पिनला मान्यता असलेल्या विमानात, जाणत्या प्रशिक्षकासोबत एकदा तरी स्पिन अनुभवावा. पहिल्या वेळी डोळे जमिनीलाच चिकटतात. काट्याकडे बघायचं भान दुसऱ्या-तिसऱ्या वेळी येतं.