आयव्हीएफनंतर ॲडमिट व्हावं लागलं? डिस्चार्जच्या आधी कागदावरचा आजार वाचून घ्या

आम्ही क्लेमचे कागद आणि आजाराचे कोड बघतो. आयव्हीएफसारख्या (अंडी काढून बाहेर गर्भ तयार करायचा आणि गर्भाशयात सोडायचा) मूल राहण्याच्या ट्रीटमेंटमधून त्रास होऊन ॲडमिट व्हावं लागलं की विम्याच्या क्लेमच्या फाईली आमच्याकडं येतात, आणि खूपदा पेशंटचा आजार एक अन् कागदावर दुसराच असतो. क्लेम फॉर्मचा भाग ब हॉस्पिटल भरतं, त्यात आजाराच्या कोडचा रकाना असतो. हे कोड जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० यादीतले. मूल न राहणं हा बाईच्या बाबतीत एन ९७, पुरुषाच्या बाबतीत एन ४६, पण ट्रीटमेंटमुळं झालेला त्रास वेगळा, एन ९८. तिथं एन ९७ पडला की कंपनीला वाटतं बाई आयव्हीएफसाठीच ॲडमिट होती.

सगळ्यात जास्त बघायला मिळतो तो एन ९८.१, ज्याला डॉक्टर ओएचएसएस म्हणतात. अंडी वाढवायच्या इंजेक्शननं अंडाशय फार सुजतात, रक्तातलं पाणी झिरपून पोटात साचतं, कधी छातीतपण, रक्त घट्ट होऊन गाठी व्हायची भीती असते. पीसीओडी (अंडाशयात बारीक बारीक गाठी दिसणं, पाळी अनियमित होणं) असलेल्या आणि कमी वयाच्या बायकांना धोका जास्त. पोट फुगलं, वजन भराभर वाढलं, लघवी कमी झाली, दम लागला तर फाईलचा विचार नंतर, आधी दवाखाना.

आपल्याकडं अडचण अशी की ट्रीटमेंट संभाजीनगरला नाहीतर लातूरला, घर परभणी-हिंगोलीकडच्या एखाद्या गावात. रात्री त्रास झाला की जवळच्या दवाखान्यात नेतात, तिथल्या डॉक्टरला इंजेक्शनचं कुणी सांगत नाही कारण सासू-सासरे, जावा बाजूला उभ्या असतात, मग कागदावर येतं नुसतं पोटात पाणी, आर १८. ते खोटं नाही पण अर्धंच, पाणी कशामुळं झालं ते त्यात नाहीच. ताई, घरात कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण डॉक्टरला एकटं गाठून सगळं सांगा, कुठली इंजेक्शनं, शेवटचं कधी घेतलं, अंडी काढली का, गर्भ सोडला का. हे आधी तुमच्या जिवासाठी, क्लेमचं त्याच्या मागून.

आययूआयनंतर, म्हणजे नवऱ्याचं किंवा दात्याचं वीर्य नळीनं गर्भाशयात सोडल्यावर, इन्फेक्शन झालं तर एन ९८.०, गर्भ सोडताना काही झालं तर एन ९८.३. एन ९८.९ म्हणजे त्रास नेमका कोणता ते लिहिलंच नाही, त्यावर कंपनीची क्वेरी येणारच. गर्भाशयाऐवजी नळीत गर्भ राहिला तर तो यात धरत नाहीत, त्याचा कोड ओ ०० पासून सुरू होतो, आणि बाळंतपणाचा खर्च वगळणारं जे कलम पॉलिसीत असतं, एक्सक्लूजन १८, त्यातूनच अशा गर्भाला सूट आहे. आयव्हीएफ केलेलं म्हणून हा क्लेम लगेच सोडून देऊ नका.

आता कडू बोलतो. एक्सक्लूजन १७ मध्ये वंध्यत्वाशी संबंधित खर्च वगळलेला असतो, त्याच्या जोरावर एन ९८.१ चे क्लेमपण नाकारले जातात. काही पॉलिसींत ही ट्रीटमेंट कव्हर असते, म्हणून तुमची पॉलिसी आम्ही ओळ न ओळ वाचतो. पण "साहेब, नुसती गाठ म्हणून टाका की" असं कुणी म्हणलं तर आम्ही ते करत नाही, डॉक्टरनं लिहिलं नाही ते कोडमध्ये येत नाही. खोटं पकडलं गेलं तर क्लेम तर जातोच, पॉलिसीपण रद्द होऊ शकते, आणि पुढच्या डॉक्टरच्या हातात तुमची चुकीची हिस्ट्री जाते, ते जास्त वाईट.

क्लेम नाकारला तर कारण लेखी घ्या, आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडं, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडं, जाता येतं. मराठवाड्यासाठी ते ऑफिस पुण्यात आहे. फी लागत नाही, वकीलपण लागत नाही.

आमच्याकडं येताना दोन्ही दवाखान्यांचे कागद आणा, आयव्हीएफ सेंटरचा इंजेक्शनचा चार्ट, सोनोग्राफीचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि पूर्ण पॉलिसी, नुसतं कार्ड नको. डिस्चार्ज कार्डात काही राहिलं असेल तर दुरुस्ती त्याच डॉक्टरकडून सही-शिक्क्यानिशी करून घ्यावी लागते, म्हणून सुट्टी व्हायच्या आधीच फोटो पाठवलात तर बरं.