फेरहिशेब आणि फेरप्रयोग: जैववैद्यकीय संशोधनातला एक गोंधळ

संशोधन दर्जेदार हवे तर त्याचे निष्कर्ष पुन्हा मिळायला हवेत, हे सर्वांनाच मान्य असते; मात्र ‘पुन्हा मिळणे’ याचे अर्थ दोन आहेत. मूळ संशोधकांचीच आकडेवारी आणि विश्लेषणासाठी लिहिलेला त्यांचाच कोड वापरून तेच उत्तर येते का, ही झाली रिप्रोड्यूसिबिलिटी. नवे नमुने, नवे प्राणी किंवा नवे रुग्ण घेऊन तोच प्रश्न तपासल्यावर तसाच निष्कर्ष निघतो का, ही रेप्लिकेबिलिटी. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या विज्ञानसंस्थांच्या २०१९ च्या अहवालात हा भेद याच अर्थाने मांडला आहे, तरी हे शब्द अनेकदा उलटसुलट वापरले जातात. रिप्रोड्यूसिबिलिटीसाठी ‘पुनरुत्पादन’ हा शब्द घ्यावा, तर जीवशास्त्रात त्याने प्रजननच आठवते, म्हणून मराठीत पहिलीला फेरहिशेब आणि दुसरीला फेरप्रयोग म्हणणे मला सोयीचे वाटते.

फेरहिशेब कसा फसतो, हे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या एका संशोधनाने दाखवले. कर्करोगाच्या कोणत्या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल, हे गाठीतल्या जनुकांच्या सक्रियतेवरून ओळखता येते, असा तो दावा होता. एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातल्या कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स यांनी उपलब्ध आकडेवारीवरून तो हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली निघाली. आकडे एका जनुकाचे आणि नाव शेजारच्या जनुकाचे. काही ठिकाणी ‘औषधाला दाद देणारे’ आणि ‘न देणारे’ ही लेबलेच उलटी लागली होती. त्यांचा लेख २००९ मध्ये छापून आला तोवर या पद्धतीवर आधारलेल्या चाचण्या रुग्णांवर सुरू झाल्या होत्या, आणि त्या पुढे बंद कराव्या लागल्या. ही चूक पकडायला एकही पेशी वाढवावी लागली नाही.

फेरप्रयोगाचे दुखणे निराळे. बर्कली आणि बॉस्टनमधल्या दोन अनुभवी प्रयोगशाळांना स्तनाच्या ऊतीतल्या पेशी वेगळ्या करून मोजताना एकमेकींचे निकाल काही केल्या जुळवता येईनात. अखेर दोन्हीकडच्या संशोधकांनी शेजारी उभे राहून एकत्र काम केले, तेव्हा उलगडा झाला: ऊतीचे तुकडे एंझाइमच्या द्रावणात सुटे करताना एका प्रयोगशाळेत ते जोरात ढवळले जात होते, तर दुसरीत बराच वेळ हलकेच हलवले जात होते. यात कोणाचीही लबाडी नव्हती, आणि आकडेवारी कितीही खुली केली असती तरी हा फरक त्यात दिसला नसता. त्यामुळे आकडेवारी व कोड उघड करण्याची सक्ती केली की प्रश्न सुटला, असे मानणे मला अपुरे वाटते. कृतीचा बारीकसारीक तपशील, पुरेशी नमुनासंख्या आणि कोणता नमुना कोणत्या गटातला हे मोजणाऱ्याला कळू न देणे, हे उपाय फेरप्रयोगासाठी वेगळे करावे लागतात.

शिवाय दोन्ही जुळूनही निष्कर्ष चुकू शकतो. एमडीए-एमबी-४३५ ही पेशीमालिका (म्हणजे एकाच मूळ नमुन्यापासून प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी) अनेक वर्षे स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली. डीएनएच्या तपासणीत ती एम-१४ या मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाच्या मालिकेशी जुळली. तिच्यावरचे हिशेब बिनचूक असतील, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेनेही त्याच पेशी मागवल्या असतील तर फेरप्रयोगही जुळला असेल. ही चूक एसटीआर चाचणीने, म्हणजे पेशींच्या डीएनएची ओळख पटवूनच, पकडता येते, आणि ती चाचणी प्रयोगाला हात घालण्याआधी करायची असते.